विषाची परीक्षा

"विषाची परीक्षा कोण घेणार?" असं आपण सहज म्हणून जातो. एखादी गोष्ट घातक आहे हे माहीत असताना ती मुद्दाम करून बघायची कशाला, असा त्याचा अर्थ. बाहेर बर्फ पडतोय, गाडीचे टायर जुने झालेत आणि तरी तुम्ही किल्ली उचललीत, की आई म्हणणारच, "थांब जरा, विषाची परीक्षा नको." सल्ला बरोबर आहे. पण काही माणसांनी ही परीक्षा खरोखरच घेतली. प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत, थेंबाथेंबाने. त्यातून निघालेली औषधं आज जगभरातले लाखो लोक रोज सकाळी चहाच्या आधी किंवा नंतर घेतात आणि त्यातल्या बहुतेकांना ती कुठून आली याचा पत्ताही नसतो.

हा पाठ त्या औषधांबद्दल आहे, आणि ती ज्या अवयवाला वाचवतात त्याबद्दल. या अवयवाला मराठीत तीन नावं आहेत. आम्ही शाळेत विज्ञानाच्या तासाला 'वृक्क' शिकलो. वर्तमानपत्रं 'मूत्रपिंड' छापतात. आणि घरात, दवाखान्यात, फोनवर सगळे 'किडनी'च म्हणतात. मी पुढे मूत्रपिंड आणि किडनी हे दोन्ही शब्द वापरणार आहे. 'वृक्क' कुठे वाचलंत तर अडखळू नका, एवढंच.

दोन वाटांची गाळणी

आपल्याला दोन मूत्रपिंडं असतात, प्रत्येक साधारण मुठीएवढं. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या. अशा एका गाळणीला नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या सुरुवातीला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, लोकरीच्या गुंड्यासारखा. एका वाटेने रक्त त्या गुंत्यात शिरतं, दुसऱ्या वाटेने बाहेर पडतं, आणि मधल्या दाबामुळे पाणी, मीठ, साखर, युरिया असं बरंच काही गाळून पुढच्या नळीत उतरतं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटर गाळतात! आपण १८० लिटर लघवी करत नाही हे उघड आहे, नाहीतर शाळा-ऑफिस सोडून तिथेच मुक्काम करावा लागला असता. नळीतून पुढे जाता जाता शरीर कामाच्या गोष्टी परत उचलून घेतं. शेवटी उरतं दीड-दोन लिटर.

'आत येणारी वाट' आणि 'बाहेर जाणारी वाट' हे दोन शब्दप्रयोग लक्षात ठेवा, पुढे लागतील.

गुंत्यातला दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला तर गाळणी सैल होते. मग जे प्रथिन रक्तातच राहायला हवं, ते अल्ब्युमिन, लघवीत गळू लागतं. हळूहळू गाळण्या निकामी होतात, आणि मेलेल्या गाळणीच्या जागी नवी येत नाही. उरलेल्या गाळण्यांवर बोजा वाढतो, त्यांच्यातला दाब आणखी चढतो, त्या आणखी लवकर मरतात. टीममधल्या चार जणांनी राजीनामा दिल्यावर उरलेल्यांचं काय होतं हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना वेगळं समजवायला नको.

या सगळ्याचं सर्वांत मोठं कारण मधुमेह, आणि त्याच्या पाठोपाठ उच्च रक्तदाब. भारतीय वंशाच्या लोकांना टाईप २ मधुमेहाचा धोका जास्त असतो, आणि हा धोका परदेशी येताना विमानतळावर सोडून येता येत नाही. यात दुखत काहीच नाही. दुखत नाही, हीच तर अडचण आहे. पाय सुजेपर्यंत, धाप लागेपर्यंत बरंच काही गेलेलं असतं, आणि मग बहुतेकांना आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी साधारण चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसावं लागतं.

घोणस आणि तिची दूरची नातेवाईक

सापाचं विष किडनीच्या उपयोगी पडेल असं वाटण्याचं खरं तर काही कारण नाही. महाराष्ट्रात शेतात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. घोणस चावली तर तिच्या विषामुळे रक्त गोठण्याची सगळी यंत्रणाच बिघडते, आणि कित्येक रुग्णांची मूत्रपिंडं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत काम थांबवतात. तिथे मांत्रिक कामाचा नाही आणि जखम चिरणंही नाही. लवकरात लवकर रुग्णालय गाठायचं आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन, म्हणजे प्रतिविष, घ्यायचं.

असं असताना घोणशीच्या एका दूरच्या नातेवाइकाने किडनीच्या उपचारांची दिशा बदलली. हा साप ब्राझीलमध्ये राहतो. त्याचं नाव जराराका.

१९४८ साली साओ पावलोमध्ये मौरिसियो रोशा ए सिल्वा आणि त्यांचे सहकारी जराराकाच्या विषाचा अभ्यास करत होते. हा साप चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. का कोसळतो, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी कुत्र्याच्या रक्तद्रवात विष मिसळलं आणि ते मिश्रण गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर टाकून पाहिलं. आतडं आकसलं, पण सावकाश. विषामुळे रक्तातच एक नवा पदार्थ तयार झाला होता. तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि दाब उतरवतो. त्याला त्यांनी नाव दिलं ब्रॅडिकायनिन. ग्रीक भाषेत 'ब्रॅडी' म्हणजे मंद.

एक कोडं मात्र राहिलं होतं. ब्रॅडिकायनिन शरीरात फार टिकत नाही, काही सेकंदांत त्याचे तुकडे होतात. मग सापाच्या दंशानंतर दाब इतका वेळ खाली कसा राहतो? याचं उत्तर रोशा ए सिल्वा यांचे विद्यार्थी सर्जियो फेरेरा यांनी शोधलं. (फेरेरा हे आडनाव गोव्याच्या मंडळींना ओळखीचं वाटेल. ब्राझीलही एकेकाळी पोर्तुगीजांच्याच ताब्यात होतं.) १९६५ साली त्यांनी दाखवून दिलं, की त्याच विषात आणखी एक घटक असतो, जो ब्रॅडिकायनिनचे तुकडे होऊ देत नाही. म्हणजे साप नुसता दाब उतरवणारा पदार्थ तयार करायला लावत नाही, तर त्याला आवरायला येणाऱ्या शिपायालाही दारातच अडवतो.

मी पोटासाठी सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे मोठ्या कंपन्या काही माणसांना पगार देऊन स्वतःचीच सिस्टीम फोडायला लावतात. कुठली खिडकी उघडी आहे, कुठलं कुलूप कच्चं आहे, हे शोधून काढणं हेच त्यांचं काम. सापाचं विष मला नेहमी तसं वाटतं. विष हा एकच पदार्थ नसतो. त्यात डझनावारी प्रथिनं आणि त्यांचे लहान तुकडे असतात, आणि लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत त्यातला प्रत्येक तुकडा शरीराच्या कुठल्या तरी एका कुलपासाठी घासून बसवला गेला आहे. शास्त्रज्ञ त्यातली एखादी चावी बाजूला काढतात आणि विचारतात, की हे दार बंद केलं तर आजाऱ्याला फायदा होईल का?

फेरेरा तो घटक घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. आपल्या शरीरात अँजिओटेन्सिन नावाचा एक पदार्थ असतो. तो आधी निरुपद्रवी रूपात असतो. एक विकर त्याला कापतं आणि मग तो रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवतो. ('विकर' म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन, आपण बोलताना एन्झाइम म्हणतो ते.) ब्रॅडिकायनिनचे तुकडे करणारं विकर आणि अँजिओटेन्सिनला धार लावणारं विकर एकच निघालं. दाब उतरवणाऱ्याला मारायचं आणि दाब चढवणाऱ्याला जागं करायचं, ही दोन्ही कामं ते एकटंच करतं. आणि जराराकाच्या विषातला तो घटक नेमकं त्यालाच गप्प करतो.

वेन तेव्हा स्क्विब या औषध कंपनीचे सल्लागार होते, आणि तिची प्रयोगशाळा होती न्यू जर्सीत. आपल्या शाळेतली जी मुलं तिथे राहतात त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही. तिथे डेव्हिड कुशमन आणि अर्जेंटिनात जन्मलेले मिगेल ओंडेटी यांनी विषातल्या घटकापासून सुरुवात केली. नऊ अमिनो आम्लांची ती छोटी साखळी इंजेक्शनने दिली तर रक्तदाब उतरायचा. पण गोळी करून गिळली तर पोटात पचून जायची, पनीर पचतं तशी. रोज टोचून घेणारा रुग्ण कुठून आणायचा?

मग त्यांनी साखळी सोडून दिली आणि फक्त तिचं टोक घेतलं. त्या विकराच्या पोटात जस्ताचा एक अणू असतो, त्याच्या जोरावर ते कापाकापी करतं. कुशमन आणि ओंडेटी यांनी साखळीच्या टोकाशी असलेल्या प्रोलिन या अमिनो आम्लाला गंधकाचा एक अणू असलेला तुकडा जोडला, असा की तो गंधक थेट जस्ताला जाऊन चिकटेल. १९७५ साली हा रेणू तयार झाला. नाव कॅप्टोप्रिल. १९८१ साली अमेरिकेत तो औषध म्हणून मंजूर झाला. या गोळीत सापाचा कणसुद्धा नसतो, ती पूर्णपणे कारखान्यात बनते. तेव्हा शाकाहारी आजीने निश्चिंत असावं.

कॅप्टोप्रिल आलं ते रक्तदाबासाठी. किडनीशी त्याचा संबंध नंतर उलगडला. अँजिओटेन्सिन शरीरभर रक्तवाहिन्या आवळतं हे आपण पाहिलं, पण किडनीतल्या त्या गुंत्यापाशी ते विशेषकरून बाहेर जाणारी वाट आवळतं. नळाला लावलेल्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की मागे पाणी कसं तुंबतं, तसं. कॅप्टोप्रिल दिलं की अंगठा उचलला जातो. गुंत्यातला दाब उतरतो आणि अल्ब्युमिनची गळती कमी होते.

पण हे खरंच होतं का, हे तपासायला रुग्णांवर चाचणी हवी होती. टाईप १ मधुमेहामुळे किडनी बिघडू लागलेल्या ४०९ रुग्णांचे अमेरिकेत दोन गट केले. एकाला कॅप्टोप्रिल, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. इतर औषधं देऊन दोन्ही गटांचा रक्तदाब शक्यतो सारखा ठेवला, म्हणजे फायदा नुसता दाब उतरल्यामुळे झाला असं कुणी म्हणायला नको. १९९३ साली निकाल छापून आला. मृत्यू, डायलिसिस किंवा किडनी बदलण्याची वेळ येण्याचा धोका कॅप्टोप्रिलच्या गटात निम्म्यावर आला होता. त्याआधी डॉक्टरांकडे अशा रुग्णासाठी साखर आणि दाब सांभाळण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

आज कॅप्टोप्रिलची भावंडं जास्त वापरली जातात: एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल. काही लोकांना ही गोळी घेतल्यावर सारखा कोरडा खोकला येतो. त्याचं एक मोठं कारण म्हणजे रोशा ए सिल्वा यांनी शोधलेलं तेच ब्रॅडिकायनिन! त्याचे तुकडे करणारं विकर बंद पाडलं, म्हणून ते साठतं आणि घसा-फुप्फुसं खवळतात. अशा लोकांना डॉक्टर मग 'सार्टन' कुळातलं औषध देतात, भारतात फार चालणारं टेल्मिसार्टन त्यातलंच. ते विकराला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन ज्या दारावर थाप मारतं ते दारच बंद करतं.

एक गोष्ट मला खटकते ती सांगून पुढे जातो. साप ब्राझीलचा, पहिले दोन मोठे शोध ब्राझीलच्या शास्त्रज्ञांचे, पण पेटंट आणि कमाई अमेरिकन कंपनीची. ब्राझीलमध्ये या उदाहरणावरून आजही वाद होतो. हळदीच्या पेटंटवरून भारतात गदारोळ झाला होता हे ज्यांना आठवतं, त्यांना हा वाद नवा वाटणार नाही.

सफरचंदाची कडू साल

दुसरं औषध झाडातून आलं. १८३५ साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून एक कडूजार पदार्थ वेगळा काढला. नाव फ्लोरिझिन. तेव्हा कडू म्हणजे तापावर गुणकारी असा समज होता, कारण क्विनीन कडू होतं. तापावर याचा काही उपयोग झाला नाही. पण १८८६ साली जर्मन डॉक्टर योसेफ फॉन मेरिंग यांनी पाहिलं, की फ्लोरिझिन दिलेल्या कुत्र्यांच्या लघवीत भरपूर साखर येते. म्हणजे हे तर मधुमेह *करणारं* द्रव्य! पुढची कित्येक वर्षं शास्त्रज्ञ ते तसंच वापरत राहिले, प्राण्यांत खोटा मधुमेह निर्माण करायला. त्याला विष म्हणावं का? जराराकाच्या अर्थाने नाही. पण शरीराचं एक यंत्र ते बंद पाडतं, म्हणून मी त्याला या पाठात घेतलं.

यंत्र कुठलं? आपल्या गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर नळीत उतरते. निरोगी माणसाच्या लघवीत ती येत नाही, कारण नळीच्या सुरुवातीलाच एक पंप बसवलेला असतो, जो साखर आणि तिच्याबरोबर मीठ परत रक्तात ओढतो. फ्लोरिझिन हा पंप अडवतं. रक्तातली जास्तीची साखर मग लघवीवाटे निघून जाते. मधुमेह्यासाठी ही चांगलीच गोष्ट झाली! ही साधी कल्पना लक्षात यायला शंभर वर्षं गेली. फ्लोरिझिन स्वतः गोळी म्हणून निरुपयोगी, ते आतड्यातच मोडतं. म्हणून त्याच्यासारखे पण टिकाऊ रेणू बनवले गेले. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. नावातलं 'फ्लोझिन' कानाला ओळखीचं वाटतंय ना?

औषध साखरेसाठी आलं, पण खरी कमाल किडनीत दिसली. नळीत पुढे मीठ मोजणारा एक पहारेकरी असतो. मधुमेहात पंप वाजवीपेक्षा जास्त चालतो, सगळं मीठ आधीच ओढून घेतो, आणि पहारेकऱ्यापर्यंत फारच थोडं पोचतं. त्याला वाटतं, गाळण्याचं काम मंदावलंय. म्हणून तो *आत येणारी वाट* रुंद करायला सांगतो. दाब चढतो. पंप अडवला की मीठ पुन्हा त्याच्यापर्यंत पोचतं आणि तो वाट आवळून घेतो. प्रिल कुळाने मागचं दार सैल केलं होतं, फ्लोझिनने पुढचं दार थोडं ओढून घेतलं. म्हणून दोन्ही औषधं एकत्र दिली तर एकमेकांना पूरक ठरतात.

२०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिनच्या ४,४०१ रुग्णांच्या चाचणीत किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका ३० टक्क्यांनी घटला. २०२० साली डापाग्लिफ्लोझिनच्या ४,३०४ रुग्णांच्या चाचणीत असाच धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हताच. दोन्ही चाचण्या ठरल्या वेळेआधी थांबवल्या, कारण फायदा इतका स्पष्ट होता. डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट २०२० च्या अखेरीस संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांनी स्वस्त गोळ्या काढल्या. माझ्या मते इथे आकड्यांइतकीच ही किंमतही महत्त्वाची आहे.

एक सावधानता मराठी घरांसाठी. फ्लोझिन घेणाऱ्याने निर्जळी किंवा लांबलचक उपास केला, किंवा जुलाब-उलट्या होत असतानाही गोळी चालू ठेवली, तर रक्तात आम्ल साठून जीवावर बेतू शकतं. आषाढी असो वा नवरात्र, उपासाआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

"झाडपाल्याचं आहे, त्रास नाही होणार"

आता उलटी गोष्ट. वर्ष तेच, १९९३. ब्रुसेल्समधल्या डॉक्टरांनी एक विचित्र निरीक्षण छापलं. तरुण, निरोगी बायकांच्या किडन्या अचानक आणि झपाट्याने आकसत होत्या. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. एकच धागा: सगळ्या जणींनी वजन कमी करण्याच्या एकाच क्लिनिकमध्ये उपचार घेतले होते, आणि १९९० नंतर तिथल्या कॅप्सूलमध्ये चिनी वनस्पतींची पूड घातली जात होती. त्यातल्या एका वनस्पतीच्या जागी चुकून दुसरीच आली होती, ॲरिस्टोलोकिया कुळातली. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल किडनीच्या नळ्या कायमच्या सुकवतं, आणि वर मूत्रमार्गाचा कर्करोगही करतं. शंभराहून जास्त बायकांना त्याचा फटका बसला, कित्येकींना डायलिसिस किंवा नवी किडनी लागली. बाल्कन भागातल्या काही गावांत पिढ्यान्‌पिढ्या होणारा किडनीचा आजारही गव्हाच्या शेतात तणासारख्या वाढणाऱ्या याच कुळातल्या झाडामुळे होत होता, हे नंतर कळलं.

या कुळातली ईश्वरमूळ नावाची वेल भारतातही आहे. गंमत बघा, गावठी औषधांत ती साप चावल्यावर देतात.

मी आयुर्वेदाविरुद्ध लिहीत नाहीये. आमच्या घरी अडुळसा आणि सितोपलादी दोन्ही असतं. पण सुट्टीत गावाहून येताना नातेवाइकांनी प्रेमाने दिलेली, नाव नसलेली, 'किडनी साफ करणारी' पुडी जर कुणी बॅगेतून आणली असेल, तर ती उघडण्याआधी ब्रुसेल्स आठवावं. जराराकाच्या विषातला एक घटक वेगळा काढला, मोजला, बदलला, उंदरांना दिला, मग माणसांना दिला आणि शेकडो रुग्णांत तपासला. ब्रुसेल्सच्या कॅप्सूलमध्ये नेमकं काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. दोन्ही 'नैसर्गिक'च होतं.

हिरवा माम्बा आणि पाण्याचे फुगे

शेवटची गोष्ट अजून चालू आहे. काही घरांत एक आनुवंशिक आजार असतो. मूत्रपिंडात पाण्याने भरलेले फुगे, म्हणजे गाठी, वाढत जातात; चाळिशी-पन्नाशीपर्यंत मूत्रपिंड मुठीचं कलिंगड होऊ शकतं. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी.

या गाठींना फुगवणारा एक संदेश असतो. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदू व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडतो, ते किडनीतल्या एका ग्राहीवर, म्हणजे कुलपावर, बसतं, आणि किडनी पाणी राखून ठेवते. या आजारात त्याच संदेशामुळे गाठींच्या पेशीही वाढतात. म्हणून हे कुलूप बंद करणारं टॉल्व्हाप्टन नावाचं औषध आलं. जपानमध्ये २०१४ साली आणि अमेरिकेत २०१८ साली ते या आजारासाठी मंजूर झालं. ते गाठींचा वेग कमी करतं, पण काही जणांच्या यकृताला इजा करतं, म्हणून वारंवार रक्त तपासावं लागतं. आणि पाणी राखायचं कुलूपच बंद, त्यामुळे लघवी दिवसाला पाच-सहा लिटर.

२०१७ साली पॅरिसजवळच्या साक्ले इथल्या संशोधकांनी पूर्व आफ्रिकेतल्या हिरव्या माम्बा सापाच्या विषात ५७ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन सापडल्याचं जाहीर केलं. माम्बाक्वारेटिन असं त्याचं नाव. ते याच कुलपात बसतं, आणि दीडशेहून जास्त इतर कुलपांवर तपासलं तेव्हा त्यातल्या एकातही बसलं नाही. अशी नेमकी चावी प्रयोगशाळेत बनवणं फार अवघड असतं. किडनीत गाठी होणाऱ्या उंदरांना ते ९९ दिवस रोज टोचलं, तर गाठींची संख्या सुमारे एक तृतीयांशाने कमी राहिली. लघवी वाढण्याचा प्रश्न इथेही आहेच, कारण कुलूप तेच. आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. विषातून निघालेले बरेचसे रेणू उंदरापाशीच अडकतात, हे लक्षात ठेवून बातम्या वाचाव्यात. "सापाच्या विषाने किडनी बरी होणार" असा मथळा व्हॉट्सॲपवर आला, तर पहिला प्रश्न विचारा: कोणाची किडनी? उंदराची की माणसाची?

सापाच्या बाहेरही हा शोध चालू आहे. अमेरिकेच्या वाळवंटात एक विषारी सरडा असतो, हिला मॉन्स्टर. (उच्चार आपल्या "हिला काय हवंय?" मधल्या 'हिला'सारखाच.) त्याच्या विषात १९९२ च्या सुमारास जॉन एंग यांना मिळालेल्या एका रेणूवरून २००५ साली मधुमेहाचं औषध निघालं. त्याच गटातलं, पण सरड्यापासून न बनवलेलं सेमाग्लूटाइड २०२४ साली ३,५३३ रुग्णांच्या चाचणीत किडनीच्या गंभीर घटना २४ टक्क्यांनी कमी करताना दिसलं.

पुढच्या तासासाठी काम: घरात किंवा भारतात फोन करून कुणा मोठ्यांना त्यांच्या गोळ्यांची नावं विचारा आणि ती देवनागरीत लिहून आणा. शेवटी 'प्रिल', 'सार्टन' किंवा 'फ्लोझिन' येतंय का ते बघा. आलं, तर त्या गोळीची गोष्ट त्यांना मराठीत सांगा. आणि ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांना एवढं जरूर विचारा: "आजोबा, या वर्षी लघवीतलं अल्ब्युमिन तपासलंत का?" उत्तर वहीत लिहायची गरज नाही. "नाही" असं आलं, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ते विचारायची आठवण करून द्या. ही गोष्ट वाचून कुणीही स्वतःची गोळी स्वतः सुरू किंवा बंद करायची नाही, मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही.